मैने, वळू नको

आणीबाणीच्या त्या साली आमच्या कडाव गावात जीपचा आवाज आला की गडीमाणसं भाताच्या शेतात पळायची. नसबंदीवाले येतात, धरतात आणि नेतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक. माझा नवरा येसाजी, दारातून वाकून आत येणारा उंचापुरा गडी, एकदा दुधाची गाडी बघून कणगीत जाऊन बसला. वर मलाच म्हणतो, "उंदीर बघत होतो." मी म्हटलं, सापडला की बाहेर या, भाकरी निवतेय.

आता हसू येतं. तेव्हा गावात हसायची कुणाची छाती नव्हती.

मी जयवंता, त्या घरातली थोरली सून. माहेर खालापूरचं, शाळा सातवीपर्यंत, आणि माझ्या तोंडाबद्दल सासरे म्हणायचे, "हिच्या तोंडाला कुलूप लावलं तर कुलूपच वितळंल." पण ही गोष्ट माझी नाही. माझ्या धाकट्या जावेची, सुंदराची आहे, आणि तिच्या एकुलत्या एका पोरीची, मैनेची.

मैना तेव्हा पाच वर्षांची. नाकीडोळी अशी की दृष्ट लागावी. पण तोंडातून शब्द नाही. हाक मारा, ओरडा, टाळ्या वाजवा, वळायची नाही. बहिरी म्हणाल तर तेही नाही. चुलीवर फोडणी चर्र झाली की कानांवर हात दाबून अशी किंचाळायची की गोठ्यातली म्हैस बुजायची. म्हणून सुंदरानं कढईत तेल घातलं की मी पोरीला उचलून परसात न्यायची. तहान लागली तर ती माझं मनगट धरून माठापर्यंत ओढायची आणि माझा हात तांब्यावर नेऊन ठेवायची. तोंडाकडे बघायचं नाव नाही. माझा हात म्हणजे तिच्या लेखी घरातली एक पळी. तांदळातून निवडलेले खडे ती उंबऱ्यावर ओळीनं मांडायची, आणि कुणाच्या पायानं एक खडा हलला की तो सगळा दिवस रडण्यात गेला म्हणून समजा.

एकाच आवाजाला ती यायची. सुंदरा सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली की त्या सळसळीला मैना असेल तिथून धावत यायची, समोर बसायची आणि झुलायची. सुंदरा मग गरज नसली तरी पाखडत राहायची. तेच तेच तांदूळ, पुन्हा पुन्हा. मी म्हणायची, "अगं, आता तांदळाचा भुगा होईल." ती म्हणायची, "होऊ दे गं जाऊबाय. माझ्याकडं तोंड करून बसलीय."

गावाचं तोंड काय बंद असतं होय? शेजारची गौराबाई एकदा म्हणाली, "मैना नाव ठेवलंत आनि पोर मुकी!" मी तिथल्या तिथं म्हटलं, "तुझं नाव गौरा हाय, आरशात बघितलंस का कधी?" गौराबाई काळी कुळकुळीत. महिनाभर बोलली नाही माझ्याशी. बरं झालं.

सासरे वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. बुधाजी त्यांचं नाव. नातीला खांद्यावर घेऊन बांधाबांधानं फिरवायचे. पण म्हातारा भ्याला होता. मैना जन्मली त्या साली सासूबाई गेल्या, पुढच्या साली दोन म्हशींतली दुभती गेली, आणि पोर बोलेना. सुंदराचा नवरा गजा माथेरानला हॉटेलात कामाला, तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. घरात जे काही होईल ते म्हाताऱ्याच्या शब्दानं व्हायचं. त्यानं नदीपलीकडच्या पोपट भगताला बोलावलं.

भगतानं पोरीसमोर बसून तिच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. पोर त्याच्या आरपार बघत होती. मध्येच स्वतःशी हसली. ते हसू बघून भगत दोन हात मागे सरकला.

"बाहेरचं हाय," तो म्हणाला. "जिभंत बसलंय. बोलू देत नाय. अवसेला जिभंला डाग दिला की सुटंल."

डाग म्हणजे तापवून लाल केलेलं लोखंड. पोट दुखलं तरी पोरांच्या पोटावर डाग द्यायचे तेव्हा आमच्याकडे, त्यामुळे कुणी फारसं दचकलं नाही. पण जिभेला! याच पोपटानं जिभेला डाग दिलेलं एक पोर मी जत्रेत पाहिलं होतं. त्याचं तोंड मिटत नव्हतं. लाळ गळत होती आणि त्याची आई ती पदरानं पुसत होती. बोलत तर ते तेव्हाही नव्हतं. मी हे सुंदराला कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

त्याच आठवड्यात शाळेचे गुरुजी निरोप घेऊन आले. मुंबईच्या लहान मुलांच्या दवाखान्यातली एक डॉक्टरीण जीप घेऊन कर्जत, खालापूर भागात फिरतेय, न बोलणारी मुलं तपासतेय, तुमच्याकडे पुढल्या मंगळवारी येईल. म्हातारा म्हणाला, "येऊ दे. बघू दे." मला वाटलं, सुटलो. देवच पावला.

पण सुंदराला वाटलं, मेलो. कारण तोवर गौराबाईनं विहिरीवर तिचे कान भरले होते. अशा पोरांना जीपमध्ये घालून ठाण्याला वेड्यांमध्ये नेऊन ठेवतात. पुन्हा घरी सोडत नाहीत. आणि आईला ऑपरेशनच्या टेबलावर घेतात, म्हणजे पुन्हा असलं पोर नको. सुंदरा घरी आली ती रिकामी घागर घेऊन. पाणी भरायचं विसरली होती.

"जाऊबाय, त्यांनी पोर नेली तर मी ती विहीरच जवळ करीन," ती म्हणाली.

"गप गं! शुभ बोल."

"तुमी मदत करा. पोर वळली पायजे. नावानं हाक मारली की पोर वळली, तर ती बाय म्हनंल धड हाय, आनि जाईल. मग मामंजीबी डागाचं सोडतील."

मग आमचं सोंग सुरू झालं. परसात मी पाट टाकून डॉक्टरीण होऊन बसायची. माझ्या पाठीमागे सुंदरा सूप घेऊन. मैना खडे मांडत बसली की मी हाक मारायची, "मैने!" आणि त्याच क्षणाला सुंदरा तांदूळ उडवायची. सळ्ळ! पोर मान वळवायची. बघणाऱ्याला वाटावं, हाकेलाच वळली. सून आहे, अंगणात तांदूळ पाखडतेय, यात कुणाला काय दिसणार? रोज करायचो, दिवसातून किती वेळा त्याचा हिशेब नाही. माझा घसा बसला. सुंदरा मात्र थकायची नाही. भीती माणसाला थकू देत नाही.

मंगळवारी जीप आली. गडीमाणसं शेतात पसार. अंगणात राहिला एकटा म्हातारा, ओट्यावर काठी घेऊन. डॉक्टरीण उतरली. केरकर तिचं नाव. बारकी, सावळी, हातात पुरुषी घड्याळ, घामानं चेहरा तेलकट. सकाळपासून किती गावं फिरली होती कोण जाणे. तिनं चहा मागितला आणि बशीत ओतून एका घोटात प्याली. मला ती आवडली. पण सुंदरा सूप घट्ट धरून तिच्या जीपकडेच बघत होती.

"बोलते का?" डॉक्टरणीनं विचारलं.

"बोलते की," सुंदरा म्हणाली. "लाजते परक्यांपुढं."

"हाकेला वळते का?" आणि तिनं स्वतःच हाक मारली, "मैना!"

सळ्ळ! पोर वळली.

डॉक्टरणीनं पुन्हा हाक मारली. पुन्हा सळ्ळ, पुन्हा पोर वळली. ड्रायव्हर जीपपाशी उभा राहून घड्याळाकडे बघत होता. डॉक्टरणीनं कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हाताऱ्याला मोठ्यानं सांगितलं, "आजोबा, तुमच्या नातीला काही आजार नाही. लाजरी आहे, एवढंच. उद्या आम्ही खालापूरच्या शाळेत आहोत, आजूबाजूला आणखी अशी मुलं असली तर तिथं पाठवा." जीप धुरळा उडवत गेली. सुंदरानं माझ्या गळ्यात पडून हुंदका दिला. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

तेवढ्यात ओट्यावरून म्हातारा म्हणाला, "थोरले, उद्या अवस हाय. पोपटाला निरोप गेलाय. चुलीजवळचं उलथनं घासून ठेवा."

माझं हसू तोंडातच राहिलं. उलथनं! ज्यानं सुंदरा रोज तव्यावरची भाकरी उलटते, ते.

"मामंजी, आवो डाक्टरनं सांगितलं ना, पोर धड हाय."

"म्हनूनच," म्हातारा म्हणाला. "मी पोपटाला आधीच बोललो होतो. डाक्टरला आजार सापडला तर डाग नाय. नाय सापडला तर बाहेरचंच. मला काय हौस हाय का गं? पाच वर्सांत माज्या हाकंला पोर कधी वळली नाय, आनि परक्या बाईपुढं वळली. डोळ्यांनी बघितलं मी. ते बाहेरचं लबाड हाय. डाक्टरला फसवाया तेवढ्यापुरतं सोडलं तिला."

तो नातीकडे न बघता काठीनं माती उकरत होता.

मी सगळं सांगून टाकलं. सुपाचं, सोंगाचं, सगळं. म्हातारा ऐकत राहिला आणि मग माझ्याकडे कीव आल्यासारखा बघून म्हणाला, "पोरीच्या मायेनं बोलतेस, समजतं मला. पर मघा एक, आता एक. डाक्टरच्या तोंडून आजार ऐकला तर मानीन. तुज्या नाय." आणि आत गेला.

सुंदरा अंगणात तशीच बसून होती. सूप तिच्या मांडीवर. तिनं ते उचलून बाजूला ठेवलं, जणू त्याला हात लावायचीच भीती वाटत होती. ज्या सोंगानं पोर वाचवायची, त्याच सोंगानं ती भगताच्या हातात दिली होती. "आता काय करू गं," एवढंच ती म्हणत राहिली. मी म्हटलं, "रडू नको. खालापूर माझं माहेर हाय. पहाटंची पैली एस्टी धरू."

पहाटे विहिरीवर जातो म्हणून निघालो, कळश्या घेऊन. कळश्या धोंड्याआड ठेवल्या आणि एस्टी धरली. मैना सुंदराच्या पदराखाली. कर्जतला दुसऱ्या गाडीत बसलो तर ब्रेक किंचाळला की पोर किंचाळायची. गाडीतली माणसं वळून वळून बघायची. एक म्हातारी म्हणाली, "पोरीला काय होतंय गं बाय?" मी म्हटलं, "दात येतायत." पाच वर्षांच्या पोरीला! मला एकच धास्ती, कडावातलं कुणी ओळखीचं भेटलं आणि त्यानं मागं जाऊन सांगितलं तर? म्हातारा माणसं धाडेल. पोर त्यांच्या घराची. मला माझ्या भावानंसुद्धा चार दिवसांच्या वर ठेवलं नसतं. पोर लपवून कुठवर लपवणार? एकच वाट होती, डॉक्टरणीच्या तोंडून आजार वदवून घ्यायचा, आणि तो दिवस मावळायच्या आत म्हाताऱ्याला ऐकवायचा.

खालापूरच्या शाळेत बायकापोरांची रांग होती. मी रांग मोडून आत घुसले. शिव्या खाल्ल्या. सुंदरानं डॉक्टरणीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. भगत, अमावास्या, उलथनं, आणि सूप.

डॉक्टरीण संतापली. "खोटं दाखवलंत मला? अहो, मी याच मुलांसाठी वणवण करतेय! माझे वरिष्ठ म्हणतात, हा साहेबाच्या देशातला आजार, आपल्याकडे अशी मुलं नसतातच. असतात हो, पण आया लपवून ठेवतात. मग मी ती मोजू कुठली आणि त्यांना मदत करू कुठली?"

"चुकले बाय. आता बघा. आता सूप नाय. हात बघा माझे, रिकामे हायेत."

"बसा," डॉक्टरीण म्हणाली. "मुलीला तिकडे बसू दे. तुम्ही हलायचं नाही. मी आत्ता जे बघेन तेच लिहीन."

मैना खोलीच्या कोपऱ्यात पाठमोरी बसून खडूचे तुकडे मांडत होती. सुंदरानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिचे ओठ हलत होते. मी कान दिला. ती गावदेवीला म्हणत होती, "वळू देऊ नको माये. मैने, वळू नको. वळू नको गं बाय." आईच्या तोंडी ही विनवणी!

डॉक्टरणीनं हाक मारली, "मैना!"

मैना वळली.

सूप नाही, तांदूळ नाही, काही नाही. नुसत्या नावाला मान वळवून बघितलं पोरीनं. किंचित, पण वळली. इतक्या दिवसांत हाक आणि सळसळ, हाक आणि सळसळ ऐकून हाकेचीच तिला सवय लागली होती.

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. कारटे, पाच वर्षं दगड होतीस, आजच वळायचं होतं तुला? आणि त्या रागामागून भीती आली. डॉक्टरीण आता 'धड आहे' लिहिणार, आणि कडावात चूल पेटलेली.

पण सुंदरा! ती उठून धावली. पोरीपुढे गुडघे टेकले आणि तिचं तोंड धरून रडायला लागली. "वळली! जाऊबाय, वळली गं! माज्या पोरीनं नाव वळखलं!" हसत होती, रडत होती, मध्येच दचकून डॉक्टरणीकडे बघत होती आणि "नाय वो बाय, ती आजारीच हाय, लिवा" म्हणत होती, आणि पुन्हा पोरीचे मुके घेत होती. पोर तिच्या हातातून सुटायला धडपडत होती.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "पाच वर्षांची मुलगी हाकेला वळली म्हणून धड मुलीची आई अशी रडेल का हो?"

तिनं उठून दार लावून घेतलं. बाहेर रांगेतल्या बायका कुरकुरल्या. मग तिनं मैनेला नीट बघितलं, घाई न करता, स्वतः जमिनीवर बसून. पोरीनं तिचं मनगट धरून पाण्याच्या भांड्यावर ठेवलं, ते बघितलं. खडूचा एक तुकडा मुद्दाम हलवला आणि पोरीचा आकांत बघितला. विचारलं, "कधी एखादी वस्तू आणून तुमच्या हातात देते का? हे बघ आई, म्हणून?"

"नाय," सुंदरा म्हणाली. "एकदाबी नाय."

"याला ऑटिझम म्हणतात," डॉक्टरीण म्हणाली. "मराठीत याला अजून धड नावसुद्धा नाही. ही मुलं स्वतःतच रमलेली असतात. वेडी नाहीत, बाहेरचं काही नाही. जन्मतःच असं आहे. तुमचा दोष नाही."

"औषध?"

"नाही."

"मोठी झाल्यावर?"

"थोडं थोडं शिकेल. तुम्ही शिकवलंत तसंच."

"आनि मी मेल्यावर?" सुंदरानं विचारलं.

डॉक्टरीण खडूचा हलवलेला तुकडा पुन्हा जागेवर ठेवू लागली. भगताची भीती एका दिवसाची होती, ही जन्माची लागली.

पण तेव्हा त्या दिवसाचीच पडली होती. सूर्य माथ्यावरून ढळला होता. मी म्हटलं, "बाई, कागद देऊन भागणार नाही. आमच्या घरात वाचणारी मीच, आणि माझ्यावर विश्वास नाही." डॉक्टरणीनं रांगेतल्या बायकांची हात जोडून माफी मागितली, उद्या या म्हणाली, आणि ड्रायव्हरला हाक मारली. ज्या जीपला भिऊन सगळं घडलं, तिच्यातच आम्ही बसलो. सुंदरानं चढताना डोळे मिटले होते. मैना मात्र इंजिनाच्या घरघरीला इतकी शांत झाली, की वाटेत झोपलीच.

कडावच्या वळणावर पोचलो तेव्हा आमच्या अंगणातून धूर निघत होता. सुंदरानं माझा दंड इतका दाबला, की नखं रुतली. अंगणात माणसं जमलेली. जीप दिसली मात्र, एकच पळापळ! येसाजी पळाला, शेजारी पळाले, आणि सगळ्यांच्या पुढे, धोतर सावरत, पोपट भगत. त्याच्या अंगातली दैवतं बहुतेक त्याच्याही आधी पळाली असतील. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते.

अंगणात दोनच गोष्टी उरल्या. तीन दगडांमधला विस्तव, त्यात लाल झालेलं आमचं उलथनं. आणि त्याच्यापाशी उकिडवा बसलेला म्हातारा. तो पळाला नव्हता. त्यानं नातीकडे बघितलं आणि म्हणाला, "कुठं नेली होतीत माज्या पोरीला?" आवाज रागाचा नव्हता. रडलेला होता.

डॉक्टरीण त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "आजोबा, काल मी चुकले. तुमच्या नातीला आजार आहे."

"आजार हाय?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मग औषध द्या."

"औषध नाही याला."

म्हाताऱ्यानं विस्तवाकडे बघितलं. "औषध नाय, तो आजार कसला?"

"आजोबा, जन्मापासून आंधळं असलेल्या माणसाला औषध असतं का? मग तो काय बाहेरचा असतो? त्याला डाग देता का?"

म्हाताऱ्याची नजर उलथन्यावरून हलेना. "मग काल वळली कशी?" तो म्हणाला. "ते सांगा मला."

तेव्हा सुंदरा पुढे आली. त्या घरात आल्यापासून ती सासऱ्यांशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. पदर डोक्यावर ओढून उभी राहिली. "मी शिकवलं, मामंजी. सूप हलवून शिकवलं. मला वाटलं नेतील तिला. जाऊबाय काल खरं बोलली. आता ती सुपाबिगर वळते."

"हाक मार," म्हातारा म्हणाला.

मैना उंबऱ्यापाशी जाऊन आपले खडे चाचपत होती. सुंदरानं हाक मारली, "मैने!"

पोर वळली नाही.

"मैने! ए मैने, माजी बाय!"

नाही. विस्तवात एक लाकूड फुटलं, तेवढाच आवाज. म्हाताऱ्याचा हात फडक्याकडे गेला, ज्यानं उलथनं धरायचं त्या फडक्याकडे. खरं सांगते, सकाळी तिनं वळू नये म्हणून जीव जात होता, आणि आता वळावी म्हणून जात होता. मी मनात म्हटलं, हात लावला तर म्हाताऱ्याला मीच त्या विस्तवात ढकलीन, होऊ दे काय व्हायचं ते. डॉक्टरीण उठून पोरीच्या आणि विस्तवाच्या मध्ये उभी राहिली.

आणि मैना उठली. आमच्या कुणाकडे न बघता आत गेली. आतून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली ती दोन्ही हातांनी सूप ओढत. तिच्याएवढंच सूप ते. अंगण ओलांडून ती थेट सुंदरापाशी गेली, सूप तिच्या पायांवर ठेवलं, आणि मान वर करून आईच्या तोंडाकडे बघितलं.

"आणून दिलं," डॉक्टरीण म्हणाली. तिनं माझा हात घट्ट धरला होता. "बघितलंत? आणून दिलं तिनं."

म्हातारा बघत होता. त्याची नजर सुपावरून पोरीवर गेली, पोरीवरून सुंदरावर. "सूप पायजे व्हय गं तुला?" तो म्हणाला, अगदी कुठलाही आजा कुठल्याही नातीला म्हणेल तसा. "हाकंला आलीस, मग वळून कशापायी दाखवायचं?"

मग त्यानं फडकं घेतलं, उलथनं उचललं. सुंदरा ओरडली. पण तो दुसऱ्या बाजूला वळला आणि ते लाल लोखंड म्हशीच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवलं. चर्र झालं. फोडणीपेक्षा मोठं, सगळ्या अंगणात. मैनेनं कानांवर हात दाबले आणि किंचाळायला लागली. म्हातारा काठी विसरून तिच्यापाशी धावला आणि तिच्या हातांवरून आपले हात तिच्या कानांवर दाबून धरले.

"झालं गं, झालं," तो म्हणत होता. "नाय परत, नाय."

सुंदरा तिथंच मातीत बसली. सुपात तांदूळ नव्हते. मी धावत आत जाऊन ओंजळभर आणून टाकले, आणि ती पाखडायला लागली.